सोटालॉल सुरू करायला तीन दिवस अ‍ॅडमिट कशाला?

प्रश्न असा आहे: आईचं वय ७१, वजन ५२ किलो, वर्षभरापासून एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके वेडेवाकडे पडायचे) अटॅक येताहेत, इकोमधे पंपिंग ६० टक्के म्हणजे छान, आणि डॉक्टर म्हणतात लय ताळ्यावर ठेवायला सोटालॉल सुरू करू पण त्यासाठी तीन दिवस अ‍ॅडमिट व्हा. "एवढीशी गोळी आणि तीन दिवस हॉस्पिटल, हा बिल वाढवायचा प्रकार तर नाही ना? अशी एखादी टेस्ट नाही का जी आधीच सांगेल की गोळी हिला बाधेल की नाही?" सोबत रिपोर्ट दिलेत. क्यूटीसी (ईसीजीवर एका ठोक्यात हृदय भारून परत रिकामं व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ४३८, पोटॅशियम ३.६, क्रिएटिनिन १.०. चालू गोळ्या म्हणजे बीपीसाठी टेलमिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली, रक्त पातळ ठेवायची एक, आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल-डॉमपेरिडॉनची कॅप्सूल.

तर आधी सरळ उत्तर देतो. अशी एक टेस्ट नाही. ते तीन दिवस हीच टेस्ट. फक्त ती नीट घेतली तर. सेमी-प्रायव्हेट रूममधे झोपवून दिवसातून एकदा, तोही गोळी द्यायच्या आधी, ईसीजी काढायचा असेल तर मात्र तुमचा संशय रास्त आहे, त्या अ‍ॅडमिशनला काही अर्थ नाही. ह्यावर शेवटी परत येतो.

मी हे काम चोवीस वर्षं करतोय आणि अजूनही ह्या औषधांची मला थोडी भीती वाटते, वाटायलाच हवी. हृदयाची लय सुधारायला दिलेलं औषधच लय बिघडवतं, कधीकधी जीवघेणी बिघडवतं, ही गोष्ट नवीन नाहीये. क्विनिडीन घेणारे पेशंट अचानक चक्कर येऊन पडायचे, त्याला क्विनिडीन सिंकोपच म्हणायचे, आणि १९६४ मधे मॉनिटर लावून बघितल्यावर कळलं की पडताना त्यांना व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही) होत होतं. दोन वर्षांनी १९६६ मधे देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका ८० वर्षांच्या बाईच्या ईसीजीवरून अशाच एका जीवघेण्या लयीला नाव दिलं, टॉरसाड द पॉइंट. ईसीजीवर टोकं कधी वर कधी खाली अशी फिरत जातात, पीळ घातलेल्या सुतासारखं दिसतं, एकदा बघितलं की विसरत नाही.

आता "आधीच कळेल का" ह्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा धडा कुठला असेल तर कास्ट नावाची ट्रायल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना एक्स्ट्रा ठोके पडत असतील तर ते जास्त दगावतात हे माहीत होतं, मग ते ठोके औषधाने दाबले की लोक वाचतील, हा तर्क कुणालाही पटेल असाच होता, आणि त्या काळी फ्लेकेनाइड, एन्केनाइड सर्रास दिलीही जायची. ट्रायल करणार्‍यांनी अजून एक शहाणपणा केला, आधी प्रत्येकाला औषध देऊन होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावून बघितलं आणि ज्यांचे ठोके खरंच दबले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे "ह्याला औषध मानवतं" असा शिक्का बसलेलेच लोक. निकाल काय आला? औषधवाल्या ७५५ पैकी ६३ गेले, खोटी गोळी घेणार्‍या ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. १९८९ मधे हा भाग थांबवावा लागला. होल्टर सुधारला आणि माणूस गेला. आजही कुणी मला होल्टर दाखवून म्हणतं "डॉक्टर बघा ठोके किती कमी झाले, औषध सूट झालं", तेव्हा मला हीच ट्रायल आठवते.

ह्यातून एक गोष्ट लक्षात घ्या, "धोका आधी ओळखणं" हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत, कारण औषधं दोन जातीची आहेत. फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन ही सोडियमचा मार्ग अडवतात, करंट पसरायचा वेग कमी होतो. हृदयात जुन्या अटॅकचा व्रण असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तिथे आधीच करंट रेंगाळत असतो, त्यात हे औषध पडलं की तो गोल गोल फिरायला लागतो. हा धोका पहिल्या तीन दिवसांत दिसेलच असं काही नाही, कास्टमधे मृत्यू महिनोनमहिने होत राहिले. तिथे अंदाज बांधायची पद्धत म्हणजे गोळी द्यायच्या आधी हृदय निरोगी आहे ना हे बघणं, इको, गरज असेल तर कॉरोनरीची तपासणी. आणि ही औषधं ठोके वाढले की जास्त चिकटतात, म्हणून गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी ट्रेडमिलवर पळवून ईसीजीत क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत करंट पसरतानाचा उंच भाग) किती रुंद होतो ते बघतात, पहिल्यापेक्षा पाव हिश्श्याने रुंदावला तर डोस कमी. शिवाय ह्यांच्यासोबत ठोके आवरणारी गोळी द्यावी लागते, नाहीतर ३०० ने धावणारा एट्रियल फ्लटर (वरच्या कप्प्यांची दुसरी एक बिघडलेली लय) २०० वर येतो आणि मग प्रत्येक ठोका खाली पोचतो, नाडी १५० वरून २००. पेशंटला बरं वाटायच्या ऐवजी डोळ्यासमोर अंधारी. असो, आईंची गोळी ह्या जातीची नाही.

सोटालॉल दुसर्‍या जातीचं. डोफेटिलाइड, इब्युटिलाइड हे त्याचे भाऊबंद. ही पोटॅशियमचा मार्ग अडवतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला रिकामं व्हावं लागतं, त्यासाठी पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. नाट्यगृहाचं उदाहरण घ्या. प्रयोग संपला, लोक बाहेर पडताहेत, चार दारं आहेत. एक दार बंद केलं तर थोडा उशीर होतो एवढंच, पुढच्या प्रयोगाचे लोक लॉबीत थांबतात, काही बिघडत नाही (एट्रियल फिब्रिलेशनमधे आपल्याला हा उशीरच हवा असतो, औषधाचा गुण तोच). पण एखाद्याच्या घराण्यातच दुसरं दार अरुंद असेल, तिसर्‍यासमोर कुणी खुर्च्या रचून ठेवल्या असतील, तर तेच एक दार बंद केल्यावर आत चेंगराचेंगरी. बाहेरून बघणार्‍याला मात्र काल नाट्यगृह नीट रिकामं होत होतं एवढंच दिसलेलं असतं. ह्या शिल्लक दारांना आमच्याकडे रिपोलरायझेशन रिझर्व म्हणतात, अमेरिकेतल्या डॅन रोडेन यांनी ही कल्पना मांडली, आणि माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात कामाची कल्पना हीच. साधा ईसीजी रिझर्व दाखवत नाही. ४३८ क्यूटीसी म्हणजे आज गर्दी वेळेत बाहेर पडतेय, किती दारांनी पडतेय ते तो सांगत नाही.

खुर्च्या रचणारे कोण? बाई असणं हे एक, औषधाने टॉरसाड होणार्‍यांत साधारण दोन तृतीयांश बायका असतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असणं. नाडी मंद असणं. हार्ट फेल्युअर, जाड झालेलं हृदय. किडनी मंद असणं, कारण सोटालॉल जवळजवळ सगळं किडनीतूनच जातं. आणि क्यूटी ताणणारं दुसरं एखादं औषध. ह्यात पोटॅशियमची गंमत अशी की ते रक्तात कमी झालं की पोटॅशियमचा हा मार्ग स्वतःहून मंदावतो आणि वर औषधही त्याला जास्त घट्ट बसतं, दोन्हीकडून मार. मंद नाडीचंही तसंच, सोटालॉल मंद ठोक्यांवर जास्त परिणाम करतं आणि ते स्वतः बीटा ब्लॉकर असल्याने नाडी मंद करतंही.

म्हणूनच आमची सगळ्यात काळजीची वेळ नातेवाइकांना सगळ्यात आनंदाची वाटते. फिब्रिलेशन सुटलं, लय नॉर्मल आली, घरचे पेढे आणायला निघतात आणि आम्ही मॉनिटरसमोर खुर्ची ओढून बसतो. लय सुटताना मधे एक लांब पॉज येतो, मग मंद ठोके, आणि त्या पॉजनंतरच्या ठोक्यात टी वेव्ह (ईसीजीवरची, पेशी रिकाम्या होतानाची लाट) फुगलेली, खाच पडलेली दिसली तर ते येऊ घातलेल्या टॉरसाडचं लक्षण. क्यूटीच्या आकड्यापेक्षा मी ह्या पॉजनंतरच्या टी वेव्हवर जास्त विश्वास ठेवतो.

आकड्याबद्दल बोलायचं तर तो वाटतो तेवढा पक्का नाही. क्यूटी म्हणजे क्यू पासून टी संपेपर्यंतचा वेळ, पण नाडी वाढली की तो आखडतो म्हणून नाडीप्रमाणे दुरुस्त करतात, ती दुरुस्ती म्हणजे क्यूटीसी. बॅझेट आणि फ्रिडेरिशिया हे दोन्ही फॉर्म्युले १९२० सालचे. मशीन बहुतेक वेळा बॅझेटचा आकडा छापतं. समजा नाडी १०० आणि क्यूटी ४००, तर बॅझेटने ५१६ येतो, फ्रिडेरिशियाने ४७४. एक आकडा बघून गोळी बंद होईल, दुसरा बघून चालू राहील, पेशंट एकच. नाडी ५० आणि क्यूटी ४८० असेल तर उलट, बॅझेट ४३८ सांगून निश्चिंत करतो, फ्रिडेरिशिया ४५२ म्हणतो. त्यात फिब्रिलेशन चालू असेल तर प्रत्येक ठोक्याचं अंतर वेगळं, मग आठ-दहा ठोके मोजून सरासरी काढावी लागते आणि मशीन तिथे हमखास गडबडतं. म्हणून आईंचा ४३८ कुठल्या नाडीवर आणि कुठल्या फॉर्म्युल्याने आला ते विचारा, आणि डॉक्टरांनी स्वतः पट्टीवर मोजला का तेही विचारा, राग येणार नाही त्यांना, आला तर येऊ दे.

आणि क्यूटी ताणला म्हणजे टॉरसाड होणारच असंही नाही, ही दुसरी गुंतागुंत. अमिओडारोन क्यूटी चांगलाच ताणतं पण टॉरसाड शंभरात एकालाही होत नाही, कारण ते कॅल्शियम आणि सोडियमचे मार्गही थोडे आवरतं. व्हेरापामिल तर पोटॅशियमचा तोच मार्ग अडवतं जो सोटालॉल अडवतं, पण कॅल्शियमही अडवत असल्याने हिशोब बरोबरीत सुटतो. (मग आईंना अमिओडारोनच का नाही, असं विचाराल. थायरॉइड, फुप्फुसं, लिव्हर. त्याचा वेगळा जमाखर्च आहे, आणि ते शरीरात आठवडे-महिने रेंगाळतं, बाधलं तर लगेच काढून टाकता येत नाही.) औषध कंपन्यांनाही हे उशिराच उमगलं, टर्फेनाडीन ही साधी अ‍ॅलर्जीची गोळी आणि सिसाप्राइड हे अ‍ॅसिडिटीचं औषध ह्याच कारणाने गेले, आपल्याकडे सिसाप्राइडवर २०११ मधे बंदी आली. आता नवीन औषध आलं की एचईआरजी नावाच्या त्या पोटॅशियमच्या मार्गावर ते बसतं का ते आधी लॅबमधे तपासतात. एआयने ईसीजी वाचून अंदाज बांधायचे प्रयोगही चालू आहेत, फ्रान्समधे निरोगी लोकांना सोटालॉलचा एक डोस देऊन त्यांच्या ईसीजीवर एआय शिकवलाय. आशा आहे, पण माझ्या ओपीडीत अजून आलेलं नाही. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा, घरी धडधड झाली तर पट्टी काढून ठेवायला ठीक, सोटालॉल सुरू करायला त्याच्यावर विसंबू नका.

जीन टेस्टचंही विचारतात बरेच जण. काही लोकांत लाँग क्यूटीचा दोष लपलेला असतो, ईसीजी नॉर्मल आणि औषध पडल्यावर उघडा पडतो, हे खरं. पण टॉरसाड झालेल्या बहुतेकांत तसा एक ठळक दोष सापडत नाही, म्हणून सगळ्यांची टेस्ट करत नाही. त्याऐवजी मी घराण्याची चौकशी करतो आणि ती खोलात करतो. कुणी तरुणपणी झोपेत गेलं का, पोहता येत असून विहिरीत बुडालं का, फोनची बेल किंवा गजर वाजल्यावर दचकून बेशुद्ध पडायचं का. "आमच्यात हार्टचं कुणाला नाही" असं म्हणणार्‍या घरात "मावशीला फिट यायच्या" हे दहाव्या मिनिटाला निघतं.

आता आईंचा हिशोब मांडू. क्रिएटिनिन १.० म्हणजे रिपोर्टवर नॉर्मल. पण वय ७१, वजन ५२ आणि बाई, हे धरून किडनीचा क्लिअरन्स (मिनिटाला किती मिली रक्त साफ होतं तो आकडा) काढला तर साधारण ४२ येतो. सोटालॉलसाठी ६० च्या वर असेल तर दिवसातून दोनदा, ४० ते ६० असेल तर एकदाच, ४० च्या खाली फिब्रिलेशनसाठी द्यायचंच नाही. म्हणजे आई काठावर आहेत. दोन दिवस जुलाब होऊन क्रिएटिनिन १.२ झालं, जे बर्‍याच लॅबच्या कागदावर तेवढं काही वाटणार नाही, तरी क्लिअरन्स ३५. पोटॅशियम ३.६ हेही लॅबसाठी नॉर्मल, माझ्यासाठी नाही, मला सोटालॉलच्या पेशंटचं ४ च्या वर हवं. ते कमी का आहे त्याचा अंदाज बीपीच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोनवरून येतो, ते पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लघवीतून काढतं. बरेच दिवस चाललेलं पँटोप्राझोल मॅग्नेशियम अजून खाली नेऊ शकतं. आणि त्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडॉन, ज्याला आपल्याकडे कुणी औषधसुद्धा समजत नाही, गॅसची गोळी म्हणतात, ते स्वतः क्यूटी ताणतं आणि सोटालॉलसोबत देऊच नये असं आहे.

ह्यासाठी एक स्कोअर आहे, टिसडेल स्कोअर, २०१३ चा. तो हृदयाच्या आयसीयूमधल्या पेशंटांवरून काढलाय आणि क्यूटी ताणला जाईल का एवढंच सांगतो, टॉरसाड होईल का ते नाही, त्यामुळे घरगुती कॅल्क्युलेटर म्हणून वापरू नका, पण विचार कसा करायचा ते दिसतं. वय ६८ किंवा जास्त १, बाई १, क्यूटी ताणणारं एक औषध ३, दुसरंही असेल तर आणखी ३. एकूण ८, म्हणजे मध्यम धोका, तो ७ पासून सुरू होतो. डॉमपेरिडॉन काढलं की ५, कमी धोक्यात. पोटॅशियम ३.५ किंवा खाली गेलं की लगेच २ वाढतात, आणि आई ३.६ वर आहेत. जीन नाही, एआय नाही, फक्त कॅप्सूल बदलली.

तीन दिवसच का, तर सोटालॉल शरीरातून अर्धं जायला साधारण १२ तास लागतात आणि पाच वेळा अर्धं होईस्तोवरचा वेळ गेला की पातळी स्थिरावते, म्हणजे अडीच दिवस. किडनी मंद असेल तर जास्त, आईंच्या बाबतीत एखाद-दोन दिवस वाढवा म्हणाले तर चिडू नका. डोफेटिलाइडच्या हार्ट फेल्युअरवाल्या मोठ्या ट्रायलमधे ज्यांना टॉरसाड झालं त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांना ते पहिल्या तीन दिवसांतच झालं. त्या वेळात मॉनिटर सतत हवा, आणि प्रत्येक डोसनंतर २ ते ४ तासांनी ईसीजी, कारण तेव्हा औषध शिगेला असतं. क्यूटीसी ५०० ला टेकला तर डोस कमी किंवा बंद.

पण तीन दिवस पास झाले म्हणजे कायमचं पास नाही, आणि हे सांगायला आम्ही डॉक्टर विसरतो. माझ्याकडच्या साठी उलटलेल्या एक बाई, दोन वर्षं सोटालॉलवर मजेत. पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, गावातच दाखवलं, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑन्डान्सेट्रॉन (दोन्ही क्यूटी ताणणारी), सलाइन. जेवण बंद पण बीपीची गोळी आणि सोटालॉल नियमित, कारण मीच बजावलं होतं की एकही दिवस चुकवायची नाही. तिसर्‍या दिवशी बाथरूममधे पडल्या. आणलं तेव्हा पोटॅशियम २.८, क्यूटीसी ६०० च्या आसपास, आणि आमच्यासमोर परत टॉरसाड. शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम, पोटॅशियम, नाडी वाढवायला तात्पुरता पेसमेकर, आणि वाचल्या. कुणाची चूक म्हणाल? प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर होतं. मला विचाराल तर माझी, "चुकवायची नाही" सांगताना "जुलाब झाले तर आधी मला फोन" हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहून देतो.

तर अ‍ॅडमिट करा. पण त्याआधी डॉक्टरांना डॉमपेरिडॉन काढता येईल का विचारा, क्लोरथॅलिडोनऐवजी काही चालेल का विचारा, मॅग्नेशियम रिपोर्टमधे दिसत नाही ते करून घ्या, पोटॅशियम ४ च्या वर आल्याशिवाय पहिली गोळी नको (ते वाढवायचं कसं ते डॉक्टर ठरवतील, किडनी काठावर असताना मनाने पोटॅशियमचं सिरप देऊ नका). हॉस्पिटलमधे दोनच प्रश्न, मॉनिटर २४ तास असेल का आणि डोसनंतरचा ईसीजी किती वाजता. पहिला, गोळीच्या आधीचा ईसीजी मागून घ्या, कागद दोन वर्षांत पुसट होतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि आईंना कधी तापासाठी किंवा जुलाबासाठी फॅमिली डॉक्टरकडे नेलंत तर सोटालॉलची स्ट्रिप सोबत न्या, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत" एवढं सांगून भागणार नाही.